कोणाचाही गुरु न झालेला सद्गुरु : श्रीसंत गाडगेबाबा

आपल्या गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम ग्रामस्थांच्या व परगावी असलेल्या देणगीदारांच्या सहकार्याने तडीस गेले, हा आपणा सर्वांच्या भाग्याचा दिवस होय. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे अशी आज्ञा जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी केली. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक नोंदवणारा, एस.एस.सी.पर्यंत शिकलेला मी एक साधा कारकून. संतचरित्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही हे मी जाणतो. परंतु मंडळींचा आग्रह मोडवेना, आणि पुष्कळ वर्षे मनात घोळत असलेला एक प्रश्नही होता, म्हणून हे धाडस करीत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

प्रश्न असा की, माणसे एखाद्या सत्पुरुषाच्या भजनी का लागतात? सख्खा भाऊ भावाचे ऐकत नाही. बांधाच्या वीतभर जागेसाठी घरातली माणसे कोर्टाची पायरी चढतात. बापाने सांगून, बायकोने रडून ज्याची बाटली सुटली नाही, तोच माणूस एखाद्या परक्या साधूच्या शब्दावर ती कायमची सोडतो, पदरचे पैसे काढून देतो, चार दिवसांची रजा टाकून त्याच्या उत्सवात भांडी घासतो. हे कसे होते?

याची नेहमीची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत. कोणी दुःखाने जातो, कोणी आशेने जातो, कोणी चमत्काराची वार्ता ऐकून जातो, आणि चारचौघे जातात म्हणून जाणारेही पुष्कळ असतात. यात खोटे काही नाही. पीक बुडालेला, लेकरू अंथरुणाला खिळलेला, कर्जाने पिचलेला माणूस मी कचेरीच्या खिडकीपाशी रोज पाहतो. त्याला अर्जावर शिक्का मिळतो, पण पाठीवर हात ठेवणारे कोणी मिळत नाही. तो हात शोधत तो निघाला तर त्यात हसण्यासारखे काय आहे? परंतु दुःख माणसाला कोणाच्या तरी दारापर्यंत नेते एवढेच. त्याच दारात त्याने जन्मभर का राहावे, हे दुःखाने उलगडत नाही.

म्हणून मी या लेखासाठी श्रीसंत गाडगेबाबांचे चरित्र निवडले. बाबांनी कोणाला मंत्र दिला नाही, अंगारा दिला नाही, ताईत दिला नाही. आपण कोणाचे गुरु नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते उघड सांगत. पाया पडायला आलेल्या माणसावर काठी उगारीत. मठ नाही, गादी नाही, चमत्कार नाही. तरी उभ्या महाराष्ट्रात लाखो लोक त्यांच्या शब्दासाठी जीव टाकीत. हिशेबात एकेक रक्कम वजा करीत जावे आणि शेवटी शिल्लक काय राहते ते पाहावे, तद्वत माणसे ज्या ज्या कारणांनी भुलतात ती सगळी बाबांच्या ठिकाणी वजा झालेली आहेत. मग जी बाकी उरते, तेच भक्तीचे खरे कारण असले पाहिजे.

जन्म व बालपण

बाबांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे नाव सखूबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. घरची स्थिती वाईट नव्हती. परंतु देवाला बोकड कापायचा, त्यावर दारू प्यायची, सणाला दारू, बारशाला दारू, अशी त्या काळची रीत. त्या रीतीने झिंगराजींचे शरीर पोखरले आणि घरही पोखरले. डेबूजी आठ वर्षांचा असताना, १८८४ साली, वडील वारले.

सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. तेथे डेबूजीचे बालपण मामाच्या शेतात गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, नांगर धरणे, पाणी देणे यात मात्र त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. रात्री गावातल्या पोरांना जमवून तो भजन करी. १८९२ साली त्याचा विवाह झाला. पत्नीचे नाव कुंताबाई.

मामाच्या घरावर पुढे जो घाला पडला त्याची हकीकत बाबांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. मामा चंद्रभानजी हे साधे शेतकरी. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता त्यांचा अंगठा उठत गेला. कर्ज फिटले असे वाटत असताना ते वाढतच होते. शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजीने त्यांना शेतात पाऊल ठेवू दिले नाही, असे सांगतात.

ही गोष्ट वाचताना मला आमच्या कचेरीतले जुने दस्त आठवतात. निळ्या शाईचे अंगठे त्यावर ओळीने उमटलेले असतात. प्रत्येक अंगठ्यामागे एक घर असते. बाबांनी पुढे आयुष्यभर कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, हे जे सांगितले ते पोथीतून आलेले नव्हते. दारूने बाप नेला होता आणि न वाचलेल्या कागदाने मामा नेला होता. जो स्वतः त्या वाटेने आलेला असतो त्याच्या बोलण्याला निराळे वजन असते, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्या शब्दाला कळते.

मुलीच्या बारशाची गोष्ट प्रसिद्ध आहे. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायला हवी होती. भाऊबंद त्याच आशेने पंगतीला बसले. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. मंडळी रागावली, पण त्याने ऐकले नाही. इतरांना सांगण्याच्या कितीतरी आधी त्याने हे आपल्या घरात केले, ही गोष्ट येथे नोंद करण्यासारखी आहे.

गृहत्याग

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी मध्यरात्री डेबूजी घर सोडून निघाला. वय २८ वर्षांचे. मागे आई, पत्नी आणि लेकरे. या गोष्टीविषयी आपण सरळ बोलले पाहिजे. संत झाला म्हणून घरच्यांचे हाल झाले नाहीत असे नव्हे. कुंताबाई आणि सखूबाई यांनी जे सोसले त्याचे कीर्तन कोणी करीत नाही. बाबा पुढे एवढे मोठे झाले, लाखोंच्या इमारती उभ्या केल्या, परंतु त्यातली एक खोली देखील घरच्यांच्या नावे केली नाही. बाबांच्या मोठेपणाचा भार त्या माऊलींनी उचलला. त्यांनाही या ठिकाणी नमस्कार केला पाहिजे.

घर सोडल्यावर पुष्कळ वर्षे ते अनवाणी भटकले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आणि जवळ एक फुटके गाडगे. तेच जेवायचे ताट, तेच पाणी प्यायचे भांडे, तेच उन्हात डोक्यावरचे छत्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. कोणी त्यांना चिंधेबाबा म्हणत, कोणी गोधडेबाबा म्हणत. शेवटी गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. वाटेत कोणाची गाडी चिखलात रुतली की खांदा लावावा, कोणाच्या शेतात राबावे, आणि काम झाल्यावर दुसऱ्यांदा आभार ऐकायला थांबू नये, असा क्रम होता. काम केल्यावाचून भाकरी खायची नाही हा नियम.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. काठ निसरडा होता. बायामाणसे, म्हातारी, हातात पाण्याची भांडी घेऊन घसरत. बाबांनी हाती फावडे घेतले आणि चढ नीट करू लागले. त्यांचे पाहून आणखी चार माणसे लागली. पुढे लोकवर्गणीतून तेथे पक्का घाट झाला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. मामाची जमीन कर्जात गेलेल्या माणसाच्या सार्वजनिक कामाचा आरंभ या नावाच्या गावी झाला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

खराटा आणि कीर्तन

बाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. ओळख नाही, पाळख नाही, रस्ता झाडायला सुरुवात. गटार साफ करायची, उकिरडा हलवायचा. लोक आधी वेडा समजत. मग कुतूहलाने जमत. मग कोणाला तरी लाज वाटे आणि तोही घरातून झाडू घेऊन येई. संध्याकाळपर्यंत निम्मे गाव झाडून निघालेले असे. आणि रात्री त्याच गावात कीर्तन.

यातला क्रम ध्यानात घ्यावा. दिवसा हाताने काम, रात्री तोंडाने बोलणे. आपल्याकडे बहुधा उलटे असते. भाषण आधी होते, आणि काम पुढच्या सभेवर ढकलले जाते. ज्याने सकाळी आपल्या दारातली घाण उचलली तो रात्री आपल्याला चार शब्द कडक बोलला तरी राग येत नाही. तो अधिकार त्याने विकत घेतलेला असतो.

कीर्तनही निराळेच. संस्कृत श्लोक नाहीत, अवघड निरूपण नाही. वऱ्हाडी बोलीत, गप्पा माराव्या तसे बोलणे. बाबा समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांनी उत्तर द्यायचे. दगडाच्या देवाला बोकड मागता येतो का, हे ते लोकांनाच विचारीत. कर्ज काढून लग्नात जेवणावळ घालणारा शहाणा की खुळा, याचा निकाल लोकांच्याच तोंडून वदवीत. हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. आणि जे उत्तर आपण चारचौघांत आपल्या तोंडाने दिले ते घरी गेल्यावर मोडायला माणसाला जड जाते. घरातली भांडी विका, पण मुलाला शाळेत घाला, हे सांगणारा माणूस स्वतः निरक्षर होता. त्याच्या निरक्षरपणाची लाज त्याने लपवली नाही. उलट आपल्यासारखे तुमच्या मुलांचे होऊ नये, एवढ्यासाठी ती उघडी करून दाखवली.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. ही वार्ता बाबांना कीर्तनाच्या वेळीच कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे चरित्रांत आहे. याला कोणी वैराग्य म्हणेल. मला असे वाटते की समोर बसलेल्यांपैकी कितीकांची लेकरे देवीच्या साथीत, पटकीत, प्लेगात गेलेली असतील. त्या सर्वांना आपले दुःख या माणसाला कळते याची खात्री त्या दिवसापासून झाली असेल. त्याला सांगावे लागत नव्हते.

पंढरीच्या वारीला बाबा दरवर्षी जात. परंतु लोक दर्शनाच्या रांगेत असताना ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. देवळात जाण्याची त्यांना घाई नसे. त्यांचा देव बाहेर, यात्रेकरूंच्या गर्दीत होता.

धर्मशाळा आणि हिशेब

आता ज्या गोष्टीने माझ्यासारख्या कारकुनाची मान आपोआप लवते ती सांगतो.

बाबांच्या एका शब्दावर लोक पैशाच्या राशी ओतीत. त्या पैशातून त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण उभे केले. मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ परगावच्या रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. मुंबईला रोगी घेऊन गेलेल्या माणसालाच कळेल की रात्री पाठ टेकायला चार हात जागा मिळणे म्हणजे काय असते.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९२० च्या सुमाराची. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात जाता येत नव्हते आणि गावात उतरायलाही कोणी जागा देत नव्हते. ऊन-पावसात तो वाळवंटात पडून राही. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले, त्यानंतर ते खुले झाले. त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी या निरक्षर माणसाने त्या वारकऱ्याच्या डोक्यावर छप्पर घातले होते. पुढे ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, कारण तेथे मुलांच्या शिक्षणाची सोय होणार होती.

इतका पैसा हातून गेला, परंतु बाबांच्या हाताला तो चिकटला नाही. प्रत्येक धर्मशाळेला विश्वस्त नेमले. कारभार त्यांच्याकडे दिला. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आपल्या रक्ताच्या नात्यातल्या कोणी या संस्थांच्या मिळकतीवर हक्क सांगू नये, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. स्वतः मात्र बांधलेल्या धर्मशाळेत न राहता बाहेर, झाडाखाली निजत. मी इतकी वर्षे मिळकतीच्या नोंदी पाहतो आहे. वारसाचे नाव लागावे म्हणून माणसे काय काय करतात ते रोज पाहतो. वारसाचे नाव लागू नये म्हणून कागद करणारा माणूस दुर्मिळ.

बाबांच्या भोवती कोण माणसे जमली तेही पाहावे. प्रबोधनकार ठाकरे यांची लेखणी बुवाबाजीवर आणि देवळांच्या धंद्यावर आसुडासारखी चाले. त्यांनी गाडगेबाबांचे चरित्र लिहिले. कर्मवीर भाऊराव पाटील हे सत्यशोधकी वळणाचे, बुवांच्या नादी लागणारे नव्हेत. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या कॉलेजला सद्गुरु गाडगे महाराजांचे नाव आहे. गो. नी. दांडेकर तरुण वयात बाबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनीही बाबांवर पुस्तक लिहिले. बाबासाहेबांचा उल्लेख वर आलाच. ही सर्व माणसे डोळे मिटून कोणाच्या मागे जाणारी नव्हती. डोळे उघडे ठेवून पाहिल्यावर ती बाबांकडे आली. खरी भक्ती डोळे मिटल्याशिवाय होत नाही असे जे सांगितले जाते, त्याला याहून चांगले उत्तर नाही.

शिल्लक काय राहिली

तेव्हा वजाबाकी पूर्ण झाली. चमत्कार गेला, मंत्र गेला, गादी गेली, विद्वत्ता गेली, रूप आणि पोशाख तर आधीच गेले. शिल्लक राहिले ते असे की, या माणसाने आमचे दुःख स्वतः भोगलेले आहे, आमची घाण त्याने हाताने उचलली आहे, आणि आमच्याकडून त्याला स्वतःसाठी काही नको आहे. एवढी खात्री पटली की माणूस वाकतो. त्याला कोणी वाकवावे लागत नाही. घरी, बाजारात, कचेरीत, सगळीकडे प्रत्येकाला आपल्याकडून काहीतरी हवे असते. आयुष्यात एखादाच असा भेटतो की ज्याला आपल्याकडून आपल्याच भल्याखेरीज काही नको. त्याला माणसे देव म्हणतात, कारण देव या शब्दाचा दुसरा उपयोग त्यांना सुचत नाही.

याचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणसाची ही भूक खरी असल्यामुळे तिच्यावर धंदा करणारेही आहेत. दुःखाने भांबावलेला माणूस पारख करीत नाही. गुप्तधनासाठी, मूल होण्यासाठी, भानामती उतरवण्यासाठी जमीन गहाण टाकलेली माणसे मी पाहिली आहेत. कागद पुढ्यात येतो, कारण विचारण्याचा आम्हाला अधिकार नसतो. अशा वेळी मला वाटते की बाबांचे चरित्र हे एक मोजमाप आहे. महाराज म्हणून जो कोणी पुढे येईल त्याला त्याने मोजावे. तो आधी झाडतो की आधी बसतो? तो आपल्याला प्रश्न विचारू देतो की तोंड बंद ठेवायला सांगतो? त्याच्याकडे जाऊन आपले कर्ज कमी झाले की वाढले? मिळकत कोणाच्या नावावर आहे? या चार प्रश्नांना अंगारा लावून उत्तर देता येत नाही. ज्याच्या बाबतीत उत्तर चांगले येईल त्याच्या पायावर खुशाल डोके ठेवावे.

महानिर्वाण

दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्याने आयुष्यात घर केले नाही त्याला मृत्यूही रस्त्यावरच आला.

आपण जेथे मरू तेथेच अंत्यसंस्कार करा, समाधी बांधू नका, मूर्ती बसवू नका, असे बाबांनी सांगून ठेवले होते. भक्तांनी ऐकले नाही. अमरावतीला समाधी मंदिर झाले आणि गावोगावी पुतळे बसले. ज्याने पाया पडू दिले नाही त्याच्या समाधीवर आज लोक डोके टेकतात. याला अवज्ञा म्हणावे की प्रेम म्हणावे? मला वाटते दोन्ही आहे. प्रेम करणाऱ्याला काहीतरी हाताला लागणारे हवे असते. परंतु हार घालणे सोपे आणि खराटा धरणे अवघड, म्हणून आपण सोपे ते करतो, हेही तितकेच खरे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा गावेच्या गावे झाडून निघाली. त्या दिवसांत बाबांची खरी पूजा झाली असे म्हणता येईल. पुढे स्पर्धा संपली की कित्येक ठिकाणी उकिरडा पुन्हा जुन्या जागी आला. अमरावतीच्या विद्यापीठालाही २००५ पासून त्यांचे नाव आहे. निरक्षर माणसाचे नाव विद्यापीठाला, हा त्या माणसाचा मोठेपणा.

आपण काय घ्यावे

शेवटी आपल्या देवळाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. मोठ्यांनी राग मानू नये.

देऊळ सुंदर झाले आहे. परंतु गाडगेबाबा आज आपल्या गावात आले तर कळस पाहायला मान वर करतील की नाही याची मला शंका वाटते. ते आधी देवळामागची मोरी पाहतील. यात्रेला येणाऱ्या बायाबापड्यांची सोय कोठे आहे ते विचारतील. देवळाच्या पायरीवर सर्वांना सारखे बसता येते का ते पाहतील. नवसाच्या नावाखाली कोणी बोकड आणला आहे का याचा तपास करतील. आणि बांधकामाचा जमाखर्च कोठे लावला आहे ते विचारतील.

यापैकी शेवटच्या गोष्टीची तयारी समितीने ठेवली आहे याचा मला अभिमान वाटतो. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत आहेच. पण जमेबरोबर खर्चाचा तक्ताही देवळाच्या भिंतीवर लागावा आणि तो दरवर्षी लागत जावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्या माऊलीने पदराच्या गाठीतले दहा रुपये सोडून दिले तिला ते कोठे गेले हे वाचून दाखवणारे कोणी तरी असावे. शिल्लक रकमेतून मूर्तीला आणखी चांदी न करता यात्रेकरूंसाठी एक पडवी आणि पाण्याचा नळ व्हावा, आणि दर अमावास्येला घरटी एका माणसाने अर्धा दिवस देवळाचे आवार व गावचा रस्ता झाडावा, एवढे ठरले तर या जीर्णोद्धाराला बाबांचाही आशीर्वाद मिळेल. झाडण्याच्या कामी पहिल्या अमावास्येला माझे नाव लिहावे.

आपल्या गावातून पुढे कोणी कोणाच्या भजनी लागला तर तो भुलून न लागता पारखून लागावा, आणि ज्याच्या भजनी लागला त्याच्या हातातले काम आपल्या हातात घेणारा निघावा, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून हे वेडेवाकुडे लिखाण पुरे करतो.

श्रीसंत गाडगेबाबांना कोटी कोटी प्रणाम.